मुलगे या भिंतीला, मुली त्या भिंतीला

वाचकाचं पत्र : ‘मी मुलुंड पूर्वेला राहते. मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीच्या हॉलमध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शिबिर घ्यायचं ठरवलंय. चारचौघांत वागायचं-बोलायचं कसं, टेबलावर जेवायचं कसं आणि जोडीला थोडा बॉलरूम डान्स, म्हणजे जोडीने करायचा पाश्चात्त्य नाच. वॉल्ट्झ आणि चा-चा मी कॉलेजात शिकले होते, पावलं अजून येतात. २२ नावं आली आहेत, १४ मुली आणि ८ मुलगे. ओळखीच्या बैठकीतच मुलगे एका भिंतीला आणि मुली समोरच्या भिंतीला जाऊन उभ्या राहिल्या. हात धरायचा म्हटल्यावर नुसतं खिदळणं. दोन पालकांनी ग्रुपवर “ही परदेशी थेरं कशाला” असं लिहिलं. माझी मुलगी सातवीत आहे, पाहुणे आले की ती आतल्या खोलीत पळते. हातात ८ सत्रं आहेत, प्रत्येकी सव्वा तासाची. आधी शिष्टाचार घेऊ की आधी नाच?’

ताई,

दोन्ही एकत्रच घ्या, आणि शिष्टाचारावर भाषण अजिबात देऊ नका. ‘असं वागू नये’ हे या वयाची मुलं घरी, शाळेत, क्लासमध्ये दिवसभर ऐकत असतात आणि दिवसभर कानाआड करत असतात. नाचाच्या वर्गाचा फायदा असा की तिथे वागावंच लागतं. चालत समोरच्यापर्यंत जायचं, नाव सांगायचं, विचारायचं, उत्तर येईपर्यंत थांबायचं, दोन मिनिटं एकमेकांच्या पायावर पाय न देता काढायची, आभार मानायचे, जागेवर पोचवून यायचं. यातली पावलं दोन-तीन सत्रांत बसतात. गाण्याच्या आधीचं आणि नंतरचं अर्धं मिनिट मात्र शेवटच्या दिवसापर्यंत घोटवावं लागतं. तुमचा खरा अभ्यासक्रम तोच आहे.

आता त्या दोन भिंती. मुलं हात धरण्याला लाजतात असं आपल्याला वाटतं, पण त्यांना जास्त भीती असते निवडीची. ‘आपापला जोडीदार निवडा’ म्हटलं की कुणी कुणाला निवडलं, कोण उरलं, याच्या बातम्या संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगमध्ये पोचतात. म्हणून पहिली पाच सत्रं निवड काढूनच टाका. दोन वर्तुळं करा, आत ११ आणि बाहेर ११, तोंडं एकमेकांकडे. गाणं संपलं की बाहेरचं वर्तुळ उजवीकडे एक जागा सरकतं. दोन मिनिटांचं गाणं आणि अदलाबदलीला चाळीसेक सेकंद धरले, तर अर्ध्या तासात समोरच्या वर्तुळातल्या प्रत्येकाशी एकदा गाठ पडते. गाणी लांब ठेवू नका. जो जोडीदार नकोसा वाटतो त्याच्यासोबतही दोन मिनिटं निघतात. साडेचार मिनिटं निघत नाहीत, मग चाळे सुरू होतात.

१४ आणि ८ या आकड्याची काळजी करू नका. ‘मुलाने मुलीला न्यायचं’ हा नियमच ठेवू नका. एक चालवणारा, एक साथ देणारा. आतल्या वर्तुळात चालवणारे, त्यांच्या मनगटाला रंगीत रिबन. आठ मुलगे आणि तीन मुली आत, बाकी ११ मुली बाहेर. सत्र निम्मं झालं की रिबिनी बदला, आतले बाहेर आणि बाहेरचे आत. मुलगे कुरकुरतील, करू द्या. साथ देऊन पाहिली की चालवताना आपण समोरच्याला किती ओढतो हे मुलाला दंडात कळतं, तुमच्या सांगण्याने कळत नाही. कुणी गैरहजर राहून संख्या विषम झाली, तर तुम्ही वर्तुळात उभ्या राहा. एकाला बाजूला बसवून ‘बघ आणि शीक’ म्हणणं मात्र टाळा, तो पुढच्या सत्राला यायचा नाही.

पहिल्या सत्रात हात धरायचाच नाही. नवरात्रातल्या टिपऱ्या प्रत्येक घरात माळ्यावर पडलेल्या असतात, त्या मागवा. जोडीने दोन टिपऱ्या धरायच्या, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक टोक. मग ठेक्यावर नुसतं चालायचं : चालवणारा आठ पावलं पुढे, साथ देणारा आठ पावलं मागे, मग उलट. चालवणाऱ्याने टिपरी ढकलायची किंवा ओढायची नाही, कोपर थोडी वाकवून हात स्थिर ठेवायचे आणि अंग पुढे न्यायचं. तो हातांनी ओढू लागला की टिपरी लगेच तिरकी होते आणि चूक दोघांनाही दिसते. खिदळणं साधारण तिसऱ्या गाण्याला थांबतं, कारण लक्ष टिपरीवर जातं.

दुसऱ्या सत्रात दोन्ही हात धरा. चौथ्या-पाचव्यापासून हात एकमेकांच्या दंडांवर, मध्ये हातभर अंतर. पूर्ण पकड, म्हणजे चालवणाऱ्याच्या डाव्या हातात समोरच्याचा उजवा, आणि चालवणाऱ्याचा उजवा हात समोरच्याच्या डाव्या खांद्याच्या मागच्या हाडावर, ही शेवटी शेवटी दाखवली तरी पुरते. आणि एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा : कमरेवर हात नाही. सिनेमात पाहिलेलं असल्याने हात आपसूक तिकडे जातो, शिवाय कमरेवरून चालवताही येत नाही. ज्याला किंवा जिला शेवटपर्यंत टिपरीच धरायची आहे, त्यांना धरू द्या. कारण विचारू नका.

मुली या वयात मुलग्यांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी उंच होऊ लागतात, त्यामुळे सातवीच्या जोड्यांत मुलगी चार बोटं उंच असणं नेहमीचंच. उंचीप्रमाणे जोड्या लावायला जाऊ नका, त्याने ते जास्त डोळ्यांत भरतं. हातभर अंतर राखलं की उंचीचा प्रश्न पावलांना पडत नाही. घामाचं मात्र आधी बघा. मे महिना, मुंबईची हवा, बंद हॉल : हात ओले होणारच. आल्याबरोबर साबणाने हात धुणं आणि खिशात स्वतःचा रुमाल, हे पहिल्या दिवसापासून. अमेरिकेत या वयाच्या मुलांचे नाच आणि शिष्टाचाराचे कोटिलियन नावाचे वर्ग चालतात, तिथे पांढरे हातमोजे घालायची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे तो उकाडा नको. फरशीवर कॅरमची पावडर टाकायला कुणी तरी पुढे येईल, त्याला अडवा, पाय घसरून मनगट मोडतं. नुसत्या मोज्यांवर नाचणंही तितकंच वाईट. शाळेचे काळे बूट सर्वांत बरे. जाड रबरी तळाचे खेळाचे बूट फरशीला चिकटतात, मग पाऊल वळत नाही आणि गुडघा पिळला जातो.

आता वॉल्ट्झ. तीन मोजत शिकवताना मुलांची नेहमी गफलत होते, कारण शाळेच्या कवायतीत आणि लेझमीत सगळं चारात आणि आठात असतं. चौथ्या मोजणीला पाय आपोआप उचलला जातो. याला आपल्याकडे तयार औषध आहे. मोबाइलवरच्या तबला ॲपवर दादरा लावा. सहा मात्रा, धा धी ना, धा ती ना. वॉल्ट्झचा चौकोन बरोबर एका आवर्तनात पुरा होतो. चालवणाऱ्याचं : धा – डावा पुढे, धी – उजवा बाजूला, ना – डावा उजव्याला जोडून. धा – उजवा मागे, ती – डावा बाजूला, ना – उजवा डाव्याला जोडून. साथ देणाऱ्याचं याच्या उलट, उजवा मागे घेऊन सुरुवात. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, पुढे आणि खालीला, म्हणजे चौथ्या मात्रेला, मागे, एवढं चालवणाऱ्यांना सांगितलं की तबला किंवा पेटी शिकणारी दोन-तीन पोरं तरी चटकन पकडतात, आणि त्यांच्या मागून बाकीची. लय मिनिटाला ८४ ते ९० मात्रा ठेवा, स्पर्धेतला संथ वॉल्ट्झ याच लयीत असतो. सोपं पडावं म्हणून याहून फार संथ लावाल तर उलटंच होईल : एका पायावर ताटकळत मुलं डुलतात. तिसऱ्या सत्रापासून तबला बंद, वॉल्ट्झचं संगीत चालू.

चौकोन किती मोठा? हॉलची टाइल बहुधा २ फूट बाय २ फुटांची असेल. चौकोन एका टाइलच्या रेषांच्या आत राहायला हवा. मुलं नेहमी ऐसपैस पावलं टाकतात आणि तिसऱ्या मात्रेला पाय जोडायला वेळ उरत नाही.

सगळ्यात जास्त पावलं बिघडतात ती त्या जोडण्यावर. मूल पाय जोडतं खरं, पण त्या पायावर भार घेत नाही. मग पुढच्या मात्रेला जो पाय निघायला हवा तोच अडकलेला असतो, आणि मूल दुसराच पाय उचलतं. बघणाऱ्याला वाटतं ताल चुकला. ताल बरोबर असतो, भार चुकलेला असतो. यावर उपाय एकच : तिसऱ्या मात्रेला संगीत थांबवून विचारा, ‘कुठला पाय मोकळा?’ ज्याची टाच सहज उचलता येते तो मोकळा. पहिल्या वॉल्ट्झच्या सत्रात हे दहा-बारा वेळा विचारा. नंतर मुलंच एकमेकांना विचारायला लागतात.

दुसरी खोड पायांकडे बघण्याची. मान खाली गेली की खांदे पुढे येतात, कपाळं आपटतात. ‘वर बघ’ म्हणून उपयोग नाही, नजरेला जागा द्यावी लागते. पूर्ण पकडीत दोघांनीही समोरच्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे बघायचं असतं, तेच सुरुवातीपासून सांगा. लाजरी मुलं यामुळे सुटकेचा श्वास टाकतात, कारण दोन मिनिटं कुणाच्या डोळ्यांत बघायचं नसतं. चौकोन बसला की प्रत्येक तीन मात्रांना पाव वळण डावीकडे. चार तुकड्यांत पूर्ण फेरी होते. हॉलभर फिरायचं असेल तर सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने, हा नियम जगभर एकच आहे. टकरा झाल्या की कुणीतरी दिशा सोडलेली असते.

चा-चा एकाच बैठकीत येतो. डावा पुढे, उजवा जागेवर, मग डावा-उजवा-डावा छोटी पावलं. उजवा मागे, डावा जागेवर, उजवा-डावा-उजवा. ‘एक, दोन, चा-चा-चा’ असं म्हणू द्या. जाणकार दुसऱ्या मात्रेवर सुरू करतात, तुम्ही त्यात पडू नका. हे दोन नाच पुरेत. फॉक्सट्रॉट घेऊ नका : त्याचा सोपा प्रकार सहा मात्रांचा आणि संगीत चारांचं, मुलं हमखास गोंधळतात. सत्रं आठवड्याला एक ठेवण्यापेक्षा दोन ठेवून चार आठवड्यांत संपवा. न्यूयॉर्कच्या शाळांत नृत्यशिक्षक पिएर दुलेन यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला बॉलरूम डान्सचा कार्यक्रमही १० आठवड्यांत २० तासिकांचा आहे. मध्ये सात दिवस गेले की पाय विसरतात.

विचारण्याचा सराव सहाव्या सत्रात, पावलं अंगवळणी पडल्यावर. तोवर वर्तुळात गाठ पडलेल्या प्रत्येकाला फक्त ‘मी अमुक’ म्हणून नमस्कार किंवा हस्तांदोलन, एवढंच. सहाव्यात वर्तुळ मोडा, खुर्च्या भिंतीला लावा. विचारणाऱ्याने तिरकं, रमतगमत जायचं नाही. सरळ जायचं, दोन हातांवर थांबायचं, आणि ‘मी अमुक. हे गाणं माझ्याबरोबर नाचशील का?’ एवढं वाक्य. पुढे गप्प. इथे मुलं हमखास बिघडवतात : उत्तर यायच्या आधीच ‘नको असेल तर राहू दे’ म्हणून मोकळी होतात, किंवा मित्राला सोबत घेऊन जातात. मित्राला खुर्चीवर बसवा. वाक्य म्हणून झाल्यावर मनात तीन मोजायला सांगा.

नाही म्हणायलाही शिकवा. पुष्कळ जुन्या वर्गांत ‘विचारलं की उठायचंच’ असा दंडक असे. आमच्या मते या वयाच्या मुलींना आणि मुलग्यांनाही तो शिकवणं चूक आहे. पण नकाराची रीत असते : ‘आत्ता नको, थँक यू’, चेहरा सरळ, कारण द्यायची गरज नाही, मैत्रिणीकडे बघून हसणं नाही. आणि एकाला नकार दिला तर त्याच गाण्याला दुसऱ्याबरोबर उठायचं नाही, ते गाणं बसून काढायचं. ज्याला नकार मिळाला त्याने ‘ठीक आहे’ म्हणून वळायचं आणि दुसरीकडे विचारायचं. प्रत्येकाला निदान एक ठरवून दिलेला नकार मिळेल असा खेळ घ्या : चिठ्ठ्या वाटा, काहींवर ‘हो’, काहींवर ‘नाही’. नकार चिठ्ठीतला आहे हे सगळ्यांना माहीत असल्याने लागत नाही, सराव मात्र होतो. गाणं संपल्यावर ‘मजा आली, थँक यू’ आणि खुर्चीपर्यंत सोबत. मधेच हात सोडून पळणाऱ्याला परत बोलवा, दर वेळी, न चिडता.

टेबलासाठी सातवं सत्र. काटा-चमच्याचा सराव कटलेट आणि जाडसर उत्तप्प्यावर घ्या. नूडल्स नकोत, आणि डोसा तर सुरीने चुरगळतो. काटा डाव्या हातात, दाते खाली, सुरी उजव्यात, दोन्हींच्या पाठीवर तर्जनी. मुठीत धरलं की करवतीसारखं कापलं जातं आणि कटलेट शेजारच्या ताटात जातं. एक घास कापायचा, खायचा, मग दुसरा. सगळं आधी कापून ठेवायचं नाही. मध्ये थांबताना काटा-सुरी तिरकी, संपल्यावर शेजारी शेजारी. हे अर्ध्या तासात होतं. उरलेला वेळ हाताने जेवण्याला द्या, कारण ते त्यांना रोज लागतं : बोटांच्या दुसऱ्या पेरापर्यंतच हात भरायचा, सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबायचं, वाढणाऱ्याला ‘बास’ हे ताटावर आडवं न होता म्हणायचं. लग्नातल्या बुफेत पहिल्या फेरीत निम्मंच ताट भरायचं, डाव ज्या भांड्यातला त्याच भांड्यात. हॉटेलात वेटरला ‘ए’ नाही, ‘दादा’. लिफ्टमधून आतले बाहेर आल्यावर आपण आत, हे लोकलच्या शहरात सांगावं लागतं हे नवल, पण लागतं.

त्या दोन पालकांना ग्रुपवर उत्तर देऊ नका, तिथे वाद वाढतो. दोघांना वेगवेगळे फोन करा आणि पहिल्याच सत्राला मागे खुर्ची टाकून बसायला बोलवा. टिपरी, हातभर अंतर आणि रिबिनी बघितल्या की निम्मी शंका जाते. ‘परदेशी थेरं’ या शब्दांवर चिडूही नका. १८१६ मध्ये लंडनच्या द टाइम्सने इंग्रज वाचकांना वॉल्ट्झविरुद्ध नेमकं हेच सांगितलं होतं, की हा परदेशी आणि अशोभनीय नाच आहे. आणि आपल्याच मुंबईत वांद्र्याला, गिरगावात, पलीकडे वसईत ख्रिस्ती लग्नांत या वयाची मुलं मामा-आत्यांबरोबर आणि आजी-आजोबांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या नाचत आली आहेत. नियम मात्र लेखी द्या : हॉलमध्ये कायम दोन मोठी माणसं, त्यात एक बाई, दार उघडं, मोबाइल बाहेरच्या टोपलीत, शूटिंग कुणीही करायचं नाही, पालकांनीही नाही. खिदळणाऱ्या एका जोडीची दहा सेकंदांची क्लिप ग्रुपवर गेली तर पुढच्या सत्राला निम्मी मुलं येणार नाहीत.

आठव्या दिवशी कार्यक्रम ठेवलात तर मुलांना मंचावर नाचवू नका. त्यांनी पालकांना विचारावं, खुर्चीपर्यंत जाऊन, तेच वाक्य वापरून, आणि नाचात सोबत घ्यावं. चौकोन आईबाबांना येत नसतो, तो मुलांनी शिकवायचा. त्याआधी प्रत्येकाने आपल्या माणसाची ओळख दुसऱ्या कुटुंबाला करून द्यायची. रीत अशी की वयाने मोठ्या माणसाचं नाव आधी घ्यायचं, त्यांना लहानाची ओळख करून द्यायची : ‘आजी, हा माझा मित्र, बी विंगमध्ये राहतो.’ नावाला जोडून एखादी माहिती द्यायला सांगा, म्हणजे पुढचं बोलणं सुरू होतं.

राहिली तुमची लेक. तिला प्रात्यक्षिकाला पुढे बोलावू नका. आईचा वर्ग आहे म्हणून तिच्याकडे आधीच सगळ्यांचं लक्ष असतं. पहिली दोन सत्रं तिला संगीत लावायचं काम द्या, पण प्रत्येक तिसऱ्या गाण्याला ती वर्तुळात येईल या अटीवर, नाहीतर ती त्या स्पीकरच्या मागेच शिबिर संपवेल. घरी पाहुणे आले की ‘बाहेर ये, बोल’ अशी हाक मारणं बंद करा. त्याऐवजी तिला ठरलेलं काम आणि ठरलेलं वाक्य द्या : पाण्याचा ट्रे, ‘काकू, पाणी घ्या’, आणि एक प्रश्न, ‘यायला गर्दी होती का?’ त्यांचं उत्तर ऐकून घेतलं की ती आत जायला मोकळी. दोन मिनिटं पुरेत. ती आत गेल्यावर ‘जरा बुजरी आहे आमची’ असं पाहुण्यांना सांगू नका, भिंतीपलीकडे ऐकू येतं.